शेवटच्या मीटरचा हट्ट

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये एक मत इतके रुजले आहे की ते निव्वळ मत आहे याचाच विसर पडून त्याला नियमाची प्रतिष्ठा मिळाली आहे. गाडी हाती आली, पत्र्याचे काम झाले, रंग चढला, इंजिन खोलून पुन्हा बांधले गेले, की पुढची पायरी म्हणून मूळचा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनात जळालेला वायू गाडीच्या मागच्या टोकाला नेऊन सोडणारी नळी आणि तिच्यातला सायलेन्सर, उतरवायचा आणि त्याच्या जागी जास्त व्यासाचा बसवायचा, हे जणू आधीच ठरलेले असते. इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत या बेताला फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती ॲक्सल ओलांडल्यावर, जिथे पेट्रोलची टाकी बसवलेली असते आणि तिच्या कडेने मूळची नळी जेमतेम मावेल एवढीच वाट कारखान्याने सोडलेली असते. पण शौकीन मंडळी हटत नाहीत. टाकीच्या कोपऱ्याला खाच पाडा, टाकी चार बोटे सरकवा, डिकीचा पत्रा कापा, नळीवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा आणि करंगळी जाईल एवढी फट राहिली तरी पुरे समजा, असे सल्ले इतक्या सहजपणे दिले जातात, की जणू पेट्रोलची टाकी ही गाडीतली अडगळ असून मोठ्या पाइपाची स्वारी येताच तिने आपणहून बाजूला व्हायला हवे होते.

हे मत त्याच्या पुरस्कर्त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे तर असे मांडता येईल. इंजिन हा हवा ओढणारा आणि धूर सोडणारा पंप आहे; धूर सोडताना त्याला जितका कमी अडथळा, तितकी त्याची ताकद जास्त; अरुंद नळी हा अडथळा आहे; ती अरुंद राहिली ती कारखान्याच्या काटकसरीमुळे, अभियंत्यांच्या विचारामुळे नव्हे; तेव्हा आज ज्याच्यापाशी पैसा आणि चांगला मिस्त्री आहे त्याने नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच मोठ्या व्यासाची करावी आणि टाकीजवळची अडचण ही केवळ बसवणुकीची बाब मानून गॅरेजमध्येच निकालात काढावी. युक्तिवाद ऐकायला सरळ आहे, आणि त्यातले पहिले वाक्य खरेही आहे. पुढे मात्र दर वाक्यागणिक त्याचा तोल जात राहतो आणि टाकीपाशी पोचेपर्यंत त्यात घेण्यासारखे काही उरत नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक गाडी समोर ठेवावी: १९६५ ची फोर्ड मस्टँग. एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आलेली ही गाडी शौकिनांच्या भरपूर हाताळणीतली आहे, तिचे सुटे भाग आजही नव्याने तयार होऊन विकले जातात, आणि टाकीजवळून मोठा पाइप नेण्याचे उद्योगही तिच्यावर पुष्कळ झाले आहेत. तिची सुमारे ६० लिटरची टाकी डिकीच्या तळाला ठेवलेल्या मोठ्या चौकोनी भोकात वरून सोडून कडेने स्क्रूंनी घट्ट केलेली असते, त्यामुळे टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ होतो. पेट्रोल भरण्याचे झाकण गाडीच्या मागच्या पत्र्याच्या मधोमध असते आणि तिथून टाकीपर्यंतची जोडणी डिकीच्या आतून रबरी होजने केलेली असते. डिकी आणि मागची सीट यांच्या मध्ये पोलादी भिंत नसते. एकेरी एक्झॉस्टच्या गाडीत सायलेन्सर टाकीच्या पुढे आडवा बसवलेला होता. दुहेरी एक्झॉस्टच्या गाडीत दोन नळ्या ॲक्सलवरून वळसा घेऊन टाकीच्या दोन्ही कडांनी, टाकी आणि तळाचे लांबट कणे यांच्यातल्या चिंचोळ्या पट्टीतून मागे जातात. म्हणजे ज्या पत्र्यावर प्रवाशांचे सामान असते त्या पत्र्याखाली पेट्रोल, पेट्रोलच्या दोन्ही अंगांनी तापलेला धूर, आणि सामानाच्या पुढे केवळ गादीच्या आड बसलेली माणसे, अशी ही रचना आहे. या जागेत दोन इंचांच्या ऐवजी अडीच किंवा तीन इंचांची नळी घालायची तर त्यासाठी द्यायचे कारणही तितकेच भक्कम हवे. ते तसे आहे काय?

दिले जाणारे मुख्य कारण ताकदीचे आहे आणि पहिली गफलत तिथेच आहे. एक्झॉस्टमधून जाणाऱ्या वायूचे वस्तुमान नळीभर तेवढेच राहते, आकारमान मात्र राहत नाही, कारण वायू थंड होत जातो तसतसा तो आकसतो. जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या बिडाच्या फाट्यातून, निघणारा वायू ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो असे धरले आणि टाकीपाशी पोचेपर्यंत तो ४०० अंशांवर उतरला असे मानले, तर निरपेक्ष तापमानाच्या मापाने तो १,०२३ केल्विनवरून ६७३ केल्विनवर आलेला असतो आणि त्याचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने घटलेले असते. पूर्वीच्याच वेगाने तो पुढे जायचा तर नळीचा छेदही एक तृतीयांशाने लहान चालतो. म्हणजे पुढे अडीच इंची नळीला जे काम पडते ते मागे दोन इंचांत भागते. शेवटचा तुकडा पुढच्या नळीपेक्षा बारीक ठेवण्याची रीत अनेक जुन्या गाड्यांत दिसते ती या हिशेबाला धरूनच आहे. तेव्हा ‘एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच व्यास’ या घोषणेमागे दडलेले गृहीत असे, की तीन मीटर पोलादी नळीतून, वाऱ्याच्या झोतात, प्रवास करूनही वायू थंड होत नाही. हे गृहीत ज्याला उघडपणे मांडता येईल असा शौकीन सापडणे कठीण. मनातल्या मनात ते धरून चालणारे मात्र पावलोपावली आढळतात.

यावर असे म्हटले जाते की, बारीक नळी चालते हे खरे मानले तरी मोठी केल्याने थोडाफार फायदा तर होईलच ना? तो किती होईल याचा अंदाज बांधता येतो. २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाच्या साध्या आवृत्तीची शक्ती कारखान्याने २०० अश्वशक्ती सांगितली होती, आणि हा आकडा त्या काळच्या ‘ग्रॉस’ पद्धतीचा, म्हणजे इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या बाकावर मोकळे चालवून काढलेला होता. गाडीत बसवल्यावरची निव्वळ शक्ती अमेरिकी कारखाने सर्रास सांगू लागले ते १९७२ पासून. तरीही तो जसाच्या तसा धरू. दुहेरी एक्झॉस्टमध्ये प्रत्येक नळीच्या वाट्याला १०० अश्वशक्तीचा धूर, म्हणजे सेकंदाला साधारण ७५ ग्रॅम वायू येतो. ४०० अंशांवर तो दोन इंची नळीतून सेकंदाला ८० मीटरच्या घरातल्या वेगाने जातो, आणि टाकीजवळच्या एक मीटरच्या तुकड्यात, ॲक्सलवरची वळणे जमेस धरूनही, त्याचा दाब दोन ते अडीच किलोपास्कलने उतरतो. हवेचा दाब १०१ किलोपास्कल. तेव्हा ही घट दोन-अडीच टक्क्यांची झाली. नळी अडीच इंची केली तर ती एक टक्क्याच्या आत येते. या दीडएक टक्क्याच्या बचतीतून इंजिनाच्या पदरात पडेल ती एक-दोन अश्वशक्ती, आणि तीसुद्धा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन कमाल फेऱ्यांवर असताना, जी अवस्था रविवारी सकाळी बाहेर निघणाऱ्या आणि दुपारच्या आत झाकणाखाली परतणाऱ्या गाडीच्या आयुष्यात किती क्षण येते हे मालकांनीच सांगावे. डिकीतली स्टेपनी घरी ठेवली तरी गाडीला जवळपास तेवढाच हलकेपणा येईल आणि टाकीला बोटही लावावे लागणार नाही. अडथळ्याचा खरा मोठा वाटा सायलेन्सरच्या पोटात आणि मॅनिफोल्डच्या वळणांत असतो, पण तिथे डोके चालवावे लागते. मागचा पाइप बदलायला फक्त पैसे लागतात.

कारखान्याने काटकसर केली, या आरोपाला थोडा आधार आहे, आणि गंमत अशी की तो आधारच मोठ्या पाइपाच्या विरोधात जातो. मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात नळ्या प्रेसवर दाबून वाकवल्या जात. अशा वाकणाला आतल्या बाजूने नळी दबते, सुरकुत्या पडतात आणि गोल छेद चपटा होऊन वाट आक्रसते. हा दोष दूर करण्याची पद्धत आज सहज उपलब्ध आहे: नळी वाकवताना तिच्या आत मँड्रेल नावाचा भरीव गाभा ठेवतात, त्यामुळे वाकणातही छेद गोलच राहतो. दोन इंची नळी अशा पद्धतीने वाकवून घेतली तर वाट मोकळी होते आणि बाहेरचा व्यास मूळचाच राहत असल्याने टाकीजवळ एक मिलिमीटरही जास्तीची जागा लागत नाही. कारखान्याच्या ज्या काटकसरीवर एवढा राग, ती व्यासात नसून वाकणात होती. मग उपाय वाकणावर करायचा सोडून व्यासावर का? उत्तर उघड आहे. गोल वाकण गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही, आणि तीन इंची तोंड मागच्या सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यालाही दिसते.

आता फटीकडे वळावे, कारण ‘करंगळी जाते म्हणजे पुरे’ हे वाक्य या सगळ्या मतप्रणालीचे सार आहे आणि तिचा पोकळपणाही त्यातच आहे. ही करंगळी घातली जाते ती थंड गाडीत, जॅकवर उचललेल्या स्थितीत, इंजिन बंद असताना. गाडी मात्र या तिन्हींपैकी कोणत्याच अवस्थेत चालत नाही. साध्या पोलादाची तीन मीटर नळी सरासरी ३०० अंशांनी तापली की सुमारे ११ मिलिमीटरने लांबते, आणि शौकिनांना प्रिय असलेली स्टेनलेस स्टीलची नळी त्याहून जास्त, सुमारे १५ मिलिमीटरने. ही लांबी पुढे इंजिनाकडे जाऊ शकत नाही, ती मागे सरकते आणि ॲक्सलवरच्या वळणाला टाकीच्या दिशेने ढकलते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे दर वेळी ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की ते एका अंगाला कलते आणि त्याला घट्ट जोडलेली नळी आपल्या पूर्ण लांबीवर ती हालचाल मागच्या टोकाशी मोठी करून पोचवते. मागचा ॲक्सल पाट्यांवर आहे. खड्ड्यात चाक आपटले की तो वर उसळतो, आणि नळी त्याच्याच डोक्यावरून जाते, म्हणून ती वर उचलून बसवावी लागते, आणि वर उचलली की ती टाकीच्या अधिक जवळ येते. नळीचा मध्य तोच ठेवून व्यास दोनाचा अडीच इंच केला तरी प्रत्येक बाजूची सहा मिलिमीटर जागा जाते. तीन इंच केला तर जवळजवळ तेरा. अशी गाडी महिन्याभराने उचलून पाहिली तर टाकीच्या कडेवर, रंग उडून पत्रा चकाकणारा, नखाएवढा एक डाग सापडतो. तिथे करंगळी जात होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११३ वा नियम एक्झॉस्टची नळी इंधनवाहिनीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये असे सांगतो, आणि तो किमान मर्यादा सांगतो, उत्तम अंतर नव्हे. करंगळीची जाडी याच्या निम्मीही भरत नाही.

अंतर कमी पडते हे मान्य करावे लागले की पट्टी पुढे केली जाते. नळीवर काचतंतूची किंवा तत्सम उष्णतारोधक पट्टी गुंडाळली की टाकी सुरक्षित, असा हा विश्वास. तापलेल्या पृष्ठभागाकडून होणारे उष्णतेचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे नळीचा बाहेरचा पृष्ठभाग २५० अंशांऐवजी ३५० अंशांवर गेला तर टाकीकडे जाणारी उष्णता दुप्पट होते. पट्टीने बाहेरचे तापमान उतरते हे खरे, म्हणून तिचा उपयोग शून्य आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती उष्णता नाहीशी करत नाही, आत कोंडते. आतला वायू अधिक तापलेला राहतो, म्हणजे अधिक फुगलेला राहतो, म्हणजे जी वाट मोकळी करण्यासाठी व्यास वाढवला तीच वाट पट्टी पुन्हा भरून टाकते; एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचे इतके नेटके उदाहरण यांत्रिकीत क्वचितच मिळेल. शिवाय पट्टी पाणी आणि चिखल धरून ठेवते. कोकणातला किंवा मुंबईतला एक पावसाळा तिच्यावरून गेला की साध्या पोलादाची नळी तिच्याखाली, कोणाच्या नजरेस न पडता, गंजून चाळण होते, आणि त्या चाळणीतून बाहेर पडणारा धूर नेमका टाकीवर आदळतो. टाकीच्या जोडातून किंवा होजमधून पेट्रोलचे थेंब ठिबकत असतील तर हीच पट्टी ते शोषून वातीचे काम करते. यावर खरा उपाय वेगळा आहे आणि तो जुनाच आहे: नळी आणि टाकी यांच्या मध्ये, दोघांपासूनही सुटा, पातळ पत्र्याचा एक पडदा. असा एकच पडदा प्रारण निम्म्यावर आणतो, त्याच्या दोन्ही अंगांनी हवा खेळते आणि तो पाणी धरत नाही. पण त्याला जागा लागते, आणि ती जागा मोठ्या नळीने आधीच खाल्लेली असते.

म्हणून मग टाकीवरच हात टाकला जातो. तिच्या कोपऱ्याला हातोड्याने खाच पाडण्याचा सल्ला देणाऱ्याला ती टाकी कशाची आहे हे बहुधा ठाऊक नसते. त्या काळातल्या बहुतेक टाक्या टर्न प्लेटच्या, म्हणजे शिसे आणि कथिल यांच्या मिश्रणाचा लेप दिलेल्या पोलादी पत्र्याच्या आहेत. हातोड्याखाली हा लेप तडकतो, आतून पत्रा उघडा पडतो, तिथे गंज धरतो आणि तो गंज सुटून फिल्टरमध्ये व कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. पुढे गाडी चढावर खोकू लागली की दोष कार्ब्युरेटरला दिला जातो. जुन्या टाक्यांच्या नळ्यांना आणि जोडांना डाख दिलेला असतो. ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसे यांचा प्रचलित डाख १८३ अंशांवर वितळतो, आणि दोन बोटांवरून जाणाऱ्या नळीचे तापमान त्याच्या वर आहे. हातोडा पुरत नाही तिथे कापून वेल्डिंग करण्याची वेळ येते, आणि या कामातला सर्वांत घातक गैरसमज असा की टाकी रिकामी केली म्हणजे ती निर्धोक झाली. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेट घेते; भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वरची जागा वाफेने इतकी दाटलेली असते की तिला जळायला हवा पुरत नाही, रिकाम्या टाकीत मात्र पत्र्याच्या सांध्यांत लपलेले चमचाभर पेट्रोल ते घातक मिश्रण तयार करून ठेवते. एक-दोन अश्वशक्तीसाठी मिस्त्रीला त्या टाकीसमोर टॉर्च घेऊन बसवणाऱ्या मालकाने निदान स्वतः शेजारी उभे राहण्याची तयारी दाखवावी.

‘इतकी वर्षे झाली, कुणाची गाडी पेटली?’ हा या मताचा शेवटचा बुरूज. हा प्रश्न ज्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत त्यांच्याकडे बोट दाखवून विचारला जातो, आणि ज्या नाहीत त्यांच्याविषयी अर्थातच कोणी काही बोलत नाही. मोकळ्या हवेत नुसत्या तापलेल्या नळीवर पेट्रोल पडले म्हणजे ते लगेच पेटतेच असे नाही, त्याला पृष्ठभाग बराच अधिक तापलेला लागतो, हेही मोठ्या पाइपाचे वकील सांगतात, आणि ते चुकीचे नाही. पण टाकीजवळ नळीच पेटवणारी असावी लागते असे कोणी सांगितले? उष्णतेने होज कडक होऊन तडकते, फ्लोटच्या वायरचे आवरण वितळते, वाफ साचते आणि ठिणगी वायरची असते. नळीने फक्त बाकीच्यांची जमवाजमव केलेली असते. जुन्या टाक्या तर झाकणातूनच श्वास घेतात: टाकीतली वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात अडवून ठेवण्याची व्यवस्था अमेरिकेत सक्तीची झाली ती १९७० मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून देशभर, त्यामुळे १९६५ च्या गाडीत तापलेल्या पेट्रोलची वाफ थेट गाडीच्या मागे पसरते. सर्वांत वाईट घडी धावताना नव्हे, थांबल्यावर येते. वारा बंद होतो, नळी तापलेलीच असते, आणि तिची सगळी उष्णता वरच्या अंगाला चढते. त्यात टाकीत पेट्रोल किती आहे यावर बरेच अवलंबून आहे. ६० लिटर पेट्रोलला एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेने पाच लिटर पेट्रोल बारा अंशांनी तापते, आणि जुन्या गाड्यांच्या टाकीत मालक पाच-दहा लिटरांपेक्षा जास्त ठेवत नाहीत हे सर्वांना माहीत आहे. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासून उकळू लागतात. इंजिनावरचा पंप ते टाकीतून ओढून घेत असल्याने ओढनळीत दाब आणखी कमी असतो, तिथे बुडबुडे धरतात आणि गाडी उन्हाळ्यात पुण्याच्या चौकात बंद पडते. त्यात आता भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि १९६० च्या दशकातले रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते.

टाकीचे शेजारी कोण, हा प्रश्न फोर्ड कंपनीलाच पुढे फार महागात पडला. १९७८ मध्ये तिला सुमारे १५ लाख पिंटो आणि बॉबकॅट गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण मागून धडक बसली की टाकी पुढच्या डिफरन्शियलच्या बोल्टांवर जाऊन फाटत होती. तिथे कारण टकरीचे होते, उष्णतेचे नव्हते. पण जी चूक मोठ्या कारखान्याच्या अभियंत्यांना परवडली नाही ती गल्लीतल्या गॅरेजला परवडेल, असा विश्वास कशाच्या जोरावर बाळगायचा?

‘गाडी माझी, पाइप माझा’ या म्हणण्याचाही एकदा निकाल लावावा. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच तिच्यात बसते. १९६५ ची मस्टँग वयाने बसते. नुसता पाइप बदलल्याने ती अपात्र ठरते असे हा नियम म्हणत नाही, हे मान्य. पण त्या पाइपासाठी डिकीचा तळ कापला आणि टाकीची बैठक हलवली तर बॉडी मूळची राहिली असे कोणत्या तोंडाने सांगणार? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांविरुद्ध फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेच आहे. मूळपणाला सोवळेपणा म्हणून हसणाऱ्या याच मंडळींना रॅलीच्या परीक्षकांपुढे मात्र झाकणाच्या स्क्रूचीही खाच मूळची असल्याचा अभिमान असतो.

मग एवढा आटापिटा कशासाठी? खरे कारण अश्वशक्ती नसून आवाज आहे, आणि ते सरळ सांगायला लाज वाटते म्हणून अश्वशक्तीची झूल पांघरली जाते. जाड नळीचा आवाज खोल आणि घुमणारा असतो, गाडी उभी असतानाही लोक वळून पाहतात, आणि ज्या मालकाने गाडीवर लाखो रुपये घातले त्याला लोकांनी वळून पाहावे असे वाटणे अस्वाभाविक नाही. पण आवाजासाठी टाकीजवळ जाण्याची गरजच नाही. आवाज ठरतो तो सायलेन्सरच्या आतल्या रचनेने, दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या नळीने आणि पुढच्या भागाच्या लांबीने. ॲक्सलच्या पुढे, जिथे जागा मुबलक आहे आणि पेट्रोल नाही, तिथे हवा तो प्रयोग करता येतो. शेवटचा मीटर मोठा केल्याने आवाजात जी भर पडते ती बहुतांशी महामार्गावरच्या एकाच वेगाला डिकीच्या पोकळीत घुमणाऱ्या कंटाळवाण्या घुंईची असते, आणि तिची पहिली तक्रार मागच्या सीटवरून येते. नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे तो मागच्या सीटवरच्यांसाठीही आहे आणि रस्त्यावरच्यांसाठीही.

मोठ्या पाइपाचा आग्रह धरणाऱ्यांना सिद्ध करायचे असेल तर काम अवघड नाही. मूळ व्यासाच्या, मँड्रेलवर वाकवलेल्या नळीला सायलेन्सरच्या आधी, सायलेन्सरच्या नंतर आणि ॲक्सलपाशी अशी तीन ठिकाणी बोटभर लांबीची तोंडे जोडावीत, दाबमापक लावावा, गाडी डायनोवर, म्हणजे चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या रोलरवर, कमाल फेऱ्यांपर्यंत न्यावी आणि तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. मग फक्त शेवटचा मीटर बदलून, बाकी काहीही न हलवता, त्याच दिवशी, त्याच हवेत, पुन्हा तेच आकडे घ्यावेत. पाइपाने सायलेन्सरपेक्षा जास्त दाब अडवल्याचे त्या कागदावर दिसले आणि चाकांवर दोनाऐवजी दहा अश्वशक्ती वाढल्या, तर टाकीला खाच पाडण्याविषयी बोलणी सुरू करता येतील. तो कागद पुढे येईपर्यंत मस्टँगच्या टाकीजवळून जाणारी नळी दोन इंचांचीच राहावी, तिच्या आणि टाकीच्या मध्ये पत्र्याचा सुटा पडदा असावा, आणि हातोडा मिस्त्रीच्या पेटीत असावा.